इसार देण्याआधी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं महा ई-सेवा केंद्र आहे. चौदा वर्षं झाली. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, मतदार नोंदणी, पीक विमा, दिवसभर हेच काम. एवढ्या वर्षांत एक गोष्ट इतक्यांदा बघितली की आता लिहायलाच हवी. माणसं सातबारा काढायला येतात ती जमिनीचा इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देऊन झाल्यावर.

मागच्या उन्हाळ्यात जवळच्या वाडीचे एक मामा आले. गट नंबर सांगितला, कागद काढला. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, होता आणि खाली एका बँकेचाही. मी विचारलं, “मामा, इसार दिलाव का?”

“कालच दिलो की. दोन लाख.”

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. मामा बराच वेळ त्या ओळीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, “आता विचारलो तर तो काय सांगील?” विकणारा आता काही सांगणार नव्हता. पंधरा रुपयांचा हा कागद दोन दिवस आधी निघाला असता तर सांगितलं असतं, कारण तेव्हा दोन लाख मामांच्या बंडीत होते.

पैसा आपल्या खिशात असतो तोवरच समोरचा नीट उत्तर देतो. सही राहिलेली असते तोवरच अधिकारी थांबून ऐकतो. मत द्यायचं बाकी असतं तोवरच उमेदवार ओट्यावर बसतो. विचारायची वेळ तेवढीच, आणि आपण ती वाया घालवतो. म्हणून पुढे जे सांगतोय ते सगळं त्या वेळेआधी करायचं आहे.

वहीचं एक पान

मोठा व्यवहार मनात आला की आधी वही काढा. मोबाइलमध्ये लिहू नका. वही घरात सगळ्यांना दिसते आणि दुसरं कोणी त्यात भर घालू शकतं. पानावर चार गोष्टी लिहायच्या: हे कशासाठी हवं आहे, घरातला पैसा किती, उसना किती, आणि हे या वर्षी केलंच नाही तर काय अडेल. चौथ्या प्रश्नाला लोक बगल देतात. खरी गरज मात्र तिथेच कळते.

ट्रॅक्टरचं घ्या. चार एकर कोरडवाहू रान असलेला माणूस ट्रॅक्टर घ्यायला निघतो, कारण पेरणीच्या वेळी भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही. अडचण खरी आहे. पण नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी मिळून वर्षाला एकरी भाडं किती जातं ते आपल्या गावच्या दराने मांडा. समजा सहा हजार गेले, तर चार एकरांचे वर्षाचे चोवीस हजार झाले. तेवढ्या पैशात ट्रॅक्टरचे दोन हप्तेही भागत नाहीत. मग प्रश्न बदलतो: मला बाहेर भाड्याने किती काम मिळेल, गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत, आणि तो चालवणार कोण? याची उत्तरं असतील तर खुशाल घ्या. पण मग तो धंदा म्हणून घ्या आणि धंद्याचंच गणित करा.

सांगणारा कशावर जगतो

सल्ला घ्यायला हरकत नाही. फक्त प्रत्येक सल्ल्यापुढे वहीत लिहा की मी ‘हो’ म्हटल्यावर या माणसाला काय मिळतं.

बोअरची मशीन फुटावर पैसे घेते. पाणी लागो न लागो, फूट मोजले जातात. म्हणून ‘अजून पन्नास फूट जाऊ, लागंल’ असं सांगणारा माणूस वाईट नसला तरी त्याच्या हिशेबात कोरडा पडलेला फूटसुद्धा भरलेलाच असतो. आपल्या मराठवाड्याखाली बहुतेक ठिकाणी काळा कातळ आहे. त्यात पाणी सगळीकडे सारखं साठत नाही, भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं. त्यामुळे शेजाऱ्याला लागलं म्हणून आपल्याला लागेलच असं नाही, तरी शेजाऱ्यांचे आकडे उपयोगाचे असतात. आजूबाजूच्या पाच बोअरवाल्यांकडे जा आणि तीन गोष्टी विचारा: किती फुटांवर लागलं, केसिंग किती गेलं, आणि गेल्या मे महिन्यात मोटर किती वेळ चालत होती. तिसरं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. पावसाळ्यात सगळ्याच बोअर चालतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात कोणाची बोअर टिकली हे गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात. त्यांना विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय आहे, तिथले लोकही जागा बघून सांगतात. पाणाड्याला बोलवायचं तर बोलवा, पण हे सगळं झाल्यावर.

क्लासचंही तसंच. लातूरला लेकरू ठेवायचं म्हणजे फी, खोली, मेस मिळून घराचं दोन वर्षांचं उत्पन्न. चौकातल्या फलकावर चाळीस फोटो असतात. विचारायचं ते हे की त्या वर्षी एकूण मुलं किती होती? चाळीस पन्नासातले वेगळे आणि चार हजारांतले वेगळे. फोटोतल्या मुलाने कोणता कोर्स केला होता हेही विचारा. तो दोन वर्षं तिथे होता की शेवटच्या महिन्यात फक्त सराव परीक्षा दिल्या होत्या? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार यशस्वी विद्यार्थ्याच्या फोटोसोबत त्याने घेतलेल्या कोर्सची माहिती देणं क्लासवाल्यांवर बंधनकारक आहे. मध्येच सोडलं तर किती फी परत मिळणार हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी नको.

आणि माझंही पोट अर्जावर आहे. ‘योजना आली, भरून टाका’ असं मी म्हटलं तरी आधी जीआर मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या योजनेचा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर संकेतांक टाकून मिनिटात सापडतो. सापडत नसेल तर अर्जाचे पैसे देऊ नका, मलाही नाही.

जमीन: इथे घाई करू नका

या एका व्यवहारात पिढ्या अडकतात, म्हणून हा भाग लांबला तरी वाचा.

आधी ताजा सातबारा काढा. डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स चालवू नका. कागद हातात आला की पाच जागा बघा. मालकांची नावं: विकणाऱ्याशिवाय आणखी कोण आहे? भाऊ, आई, बहिणी? हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ‘बहिणी काही मागत नाहीत’ हे वाक्य मी शेकड्यांनी ऐकलंय. बहीण स्वतः येऊन सही करत असेल, किंवा तिचं नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र असेल, तरच ते खरं धरा. दुसरं, भूधारणा पद्धत. ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर सहसा अडचण नाही. ‘वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. तिसरं, इतर हक्क: बोजा, कूळ, कोर्टाची मनाई. चौथं, प्रलंबित फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची मंजूर न झालेली नोंद, आहे का. पाचवं, क्षेत्र. कागदावर हेक्टर-आर असतं, बोलणं एकर-गुंठ्यांत होतं. शंभर आर म्हणजे एक हेक्टर आणि एक आर म्हणजे साधारण एक गुंठा, हे मनात धरून आकडा जुळवा.

मराठवाड्यात याच्या पुढे एक पायरी आहे, ती पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला सहसा लागत नाही. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. त्यामुळे इथल्या कित्येक जमिनींच्या मुळाशी ईनाम, म्हणजे राज्याने चाकरीसाठी किंवा देवाधर्मासाठी दिलेली जमीन, आहे: मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान. पुढे हैदराबाद ईनाम निर्मूलन कायदा १९५४ साली आला आणि त्याबरोबर या जमिनींच्या हस्तांतरावर अटीही आल्या. आजच्या सातबाऱ्यावर हे कधी स्पष्ट दिसतं, कधी एका ओळीत दडलेलं असतं. म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुनी खासरा पाहणी, म्हणजे १९५४-५५ ची नोंद, आणि तिथून आजपर्यंतचे फेरफार काढा. जुने कागद उर्दूत निघाले तर वाचून देणारा जाणकार गाठा. दोन-तीन हजार जातील, जाऊ द्या. देवस्थानाची जमीन घेऊन तीस वर्षं कसली आणि शेवटी नातवाच्या हातात नोटीस आली, असं घर मी बघितलंय.

त्यानंतर दुय्यम निबंधक कार्यालयाची सूची क्रमांक दोन, तिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही शोध घेता येतो. ही जमीन आधीच कोणाला विकली, गहाण टाकली का ते तिथे कळतं. रक्कम मोठी असेल तर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. वकील आपला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

मग रानात जा. एकट्याने जा आणि दुसऱ्यांदा जा. पहिल्यांदा विकणारा सोबत असतो, तेव्हा शेजारचे बोलत नाहीत. दुसऱ्यांदा बांधावर बसून विचारा की गाडीरस्ता कुठून आहे, बांधाचा वाद आहे का, विहिरीत वाटा कोणाचा. रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, हे त्याच्याच तोंडून ऐका. शंका असेल तर विकणाऱ्याला भूमी अभिलेखची सरकारी मोजणी करून द्यायला सांगा. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

गावाबाहेरचा प्लॉट घेताय तर आणखी तीन गोष्टी. अकृषिक वापराचा (एनए) कागद आणि मंजूर ले-आउट मागा. ‘एनए होणार आहे’ हा कागद नव्हे. पाचशे चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटिंगला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तो नंबर महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नोंदणी केलेला करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, हा कायदा आहे. आणि बाँडवरची नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होतच नाही. गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांचे नियम अलीकडे अनेकदा बदललेत. एजंट सांगेल ते धरू नका, त्या दिवशीचा नियम निबंधक कार्यालयात जाऊन विचारा.

इसार हे सगळं झाल्यावर द्यायचा. तोही चेकने किंवा खात्यावरून, इसारपावती लिहून. कागद खोटे निघाले तर रक्कम किती दिवसांत परत, ही ओळ पावतीत हवीच. खरेदीनंतर ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस आली का ते बघत राहा आणि नोंद मंजूर झाली की नवा सातबारा काढून फाइलला लावा.

कर्जाचा आकडा उलटा वाचा

कर्जाची जाहिरात हप्त्याने सुरू होते. तुम्ही एकूण परतफेडीने सुरू करा.

सहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, नऊ टक्के. एक जण म्हणतो नऊ टक्के ‘फ्लॅट’, दुसरा म्हणतो नऊ टक्के घटत्या शिलकीवर. ऐकायला दोन्ही सारखंच. फ्लॅटमध्ये सहा लाखांवर वर्षाला ५४ हजार, पाच वर्षांचे २ लाख ७० हजार व्याज, हप्ता १४,५००. घटत्या शिलकीवर हप्ता येतो १२,४५५ च्या आसपास आणि एकूण व्याज १ लाख ४७ हजार. फरक सव्वा लाखाला थोडा कमी. फ्लॅटमध्ये तुम्ही फेडलेल्या मुद्दलावरही शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज भरत राहता, म्हणून ते ‘नऊ टक्के’ खरं तर पावणेसोळाच्या जवळ जातं.

यावर उपाय सोपा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणं सक्तीचं केलंय, आणि ते कर्जदाराला समजेल त्या भाषेत असायला हवं. त्यात वार्षिक टक्केवारी, म्हणजे एपीआर, लिहिलेली असते. प्रक्रिया शुल्क, विमा, सगळं धरून. ते मराठीत मागा. दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवा आणि तो एकच आकडा जुळवा. विमा गळ्यात मारलेला असेल तर तोही तिथेच दिसेल.

आपल्याकडे उत्पन्न वर्षातून दोनदा येतं. हप्ता दर महिन्याचा असेल तर सोयाबीनचा पैसा आल्याशिवाय तो कुठून भरणार, हे सही करण्याआधी वहीत लिहिलेलं असावं. सहामाही हप्ता मिळतो का, विचारा.

ठेव: माझ्या घरचं

वडील एसटीत वाहक होते. निवृत्तीच्या पैशातले चार लाख त्यांनी एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवले. पैसे घेऊन जाणारा आमचाच पाहुणा होता. संस्थेचं ऑफिस काचेचं, फलकावर मोठाली अक्षरं. व्याज वर्षभर महिन्याच्या महिन्याला आलं, त्यामुळे दुसऱ्या वर्षी आईच्याही नावावर ठेव झाली. मग एक दिवस शटर खाली. वडील पासबुक घेऊन त्या शटरसमोर सलग तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी त्यांना जाऊ दिलं नाही. पासबुक अजून कपाटात आहे.

मी तेव्हा केंद्र चालवत होतो. लोकांचे कागद बघणारा मी, घरचा कागद बघितला नाही. पाहुण्याला वाईट वाटेल म्हणून.

तेव्हा हे माहीत असतं तर: बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे, मुद्दल आणि व्याज मिळून एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, आधी एक लाख होती. सहकारी बँकाही यात येतात. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या मात्र येत नाहीत. पतसंस्था सहकार खात्याकडे, मल्टिस्टेट दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे. रिझर्व्ह बँकेची देखरेख दोघांवरही नाही. पाच जिल्ह्यांत शाखा असल्या तरी ती बँक होत नाही.

म्हणून ठेव ठेवताना तीन पायऱ्या. संस्थेच्या नावात ‘बँक’ आहे का ते बघा. असेल तर विमा महामंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत ते नाव शोधा. पाच लाखांवर रक्कम असेल तर दोन बँकांत विभागून ठेवा. आणि कोणी ठेवीवर बारा-तेरा टक्के देऊ म्हणाला तर त्याला विचारा, ‘मग तुम्ही कर्ज किती टक्क्यांनी देता आणि ते फेडतंय कोण?’ गावातल्या चांगल्या पतसंस्थेत थोडं ठेवायचं असेल तर ठेवा, पण तिचा लेखापरीक्षण अहवाल बघून, आणि बुडाले तरी घर चालेल एवढेच.

बियाणं: हातात येणारा पुरावा

सगळ्या निर्णयांत मला हा सर्वांत आवडतो, कारण यात कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही. सोयाबीनच्या घरच्या बियाण्यातून न निवडता शंभर दाणे मोजून घ्या. गोणपाट भिजवून पिळा, अंथरा. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दाण्यात बोटभर अंतर. वरून दुसरं ओलं गोणपाट, हलकी गुंडाळी आणि सावलीत ठेवणं. रोज पाणी शिंपडायचं, पण पाणी साचू द्यायचं नाही. सातव्या दिवशी उघडा. ज्यांना पांढरं सरळ मूळ आणि कोंब दोन्ही आलेत तेच मोजा. बुरशी लागलेले, नुसते फुगलेले सोडा.

सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर एकरी तीस किलो पेरा. साठ निघाले तर तीस गुणिले सत्तर भागिले साठ, म्हणजे पस्तीस किलो. त्याहून फार कमी आले तर ते बियाणं तेलाला घाला. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक आहे, त्यामुळे एकदा घेतलेलं प्रमाणित बियाणं जपून ठेवलं तर पुढची दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे वाण असतील तर त्यांची शिफारस तिथेच विचारता येते. आणि पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आभाळ कितीही काळं दिसलं तरी.

विकतचं घेताना पिशवीवरचा टॅग बघा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, सत्यदर्शक बियाण्याचा हिरवा. लॉट नंबर बिलावर लिहून घ्या. बिल, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत ठेवा. उगवलं नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. रान मोडून दुबार पेरणी केल्यावर मात्र बघायला काही उरत नाही. खतासोबत नको असलेलं औषध गळ्यात मारतात, त्या ‘लिंकिंग’ची तक्रारही तिथेच करता येते.

एक रात्र

‘आजच करा, उद्या भाव वाढणार’ असं कोणी म्हणालं की उद्यापर्यंत थांबा. वहीचं पान घरातल्या बाईला वाचून दाखवा. घरात साठवलेला पैसा कुठे कुठे लागणार आहे, हे तिला नेमकं माहीत असतं, आणि तिची हरकत बहुतेक वेळा अशा ठिकाणी असते जिथे आपण बघितलेलंच नसतं.

एवढं करूनही फसवणूक झालीच तर: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मग जिल्हा ग्राहक आयोग. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. शेतकरीही ग्राहक आहे. बियाणं कंपन्यांचा आक्षेप फेटाळून सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तसं सांगितलंय. बँकेने तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. सगळीकडे तुमच्याकडे पावती आहे का, हा पहिला प्रश्न असतो.

मत, सभा आणि सही

गावच्या कारभारातही आपण तीच चूक करतो. आधी सही, मग वाचन.

निवडणुकीपासून सुरू करू. मतदार यादीत नाव आहे का, हे निवडणूक लागण्याच्या कितीतरी आधी बघा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेसाठी राज्य निवडणूक आयोग एका ठरावीक तारखेची विधानसभेची यादी धरतो. त्यानंतर नोंदवलेलं नाव त्या निवडणुकीला चालत नाही. नव्या नावासाठी नमुना ६, दुरुस्तीसाठी ८, चौकशीसाठी १९५० हा फोन नंबर. उमेदवाराचं शपथपत्र बघा. विधानसभा-लोकसभेला ते नमुना २६ मध्ये असतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर दिसतं. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, प्रलंबित गुन्हे, सगळं. तोच माणूस पाच वर्षांपूर्वी उभा असेल तर दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेवा. कोणाला मत द्यायचं ते तुमचं. पण हे दोन कागद बघून द्या.

निवडून दिल्यानंतरची पाच वर्षं ग्रामसभेत जातात. वर्षाला किमान चार सभा, सात दिवस आधी नोटीस, आणि गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली कमी संख्या. सभेच्या आठवडाभर आधी ईग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च काढा. दोन-चार पानं होतात. त्यातली एकच ओळ निवडा आणि त्यावरच बोला. दहा विषय काढले की गोंधळ होतो आणि सभा उठते. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, दीडशे शब्द, तीस दिवस. ‘रस्ता असा का केला’ असं लिहू नका. अंदाजपत्रकाची प्रत आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. ‘का’चं उत्तर देणं बंधनकारक नाही, असलेला कागद देणं आहे.

गावोगाव शिपाई सभेचं रजिस्टर घरोघर फिरवतो आणि लोक सही करतात. वरची पानं कोरी असतात. ज्या ठरावावर तुमची सही आहे तो तुमच्या सहीनंतर लिहिला जातो.

गेल्या वर्षी आमच्या सभेत बचत गटाची एक बाई आली होती. केंद्रातून आराखड्याची प्रिंट घेऊन गेली होती, पाण्याच्या टाकीच्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली. विषय वाचला गेला, सगळे ‘मंजूर’ म्हणाले, रजिस्टर फिरत तिच्यापर्यंत आलं. तिने ते मांडीवर घेतलं आणि उलटून पानं बघितली.

“भाऊ, टाकीचं काम कोणत्या महिन्यापर्यंत होणार ते यात दिसत न्हाई.”

“ते नंतर लिहू, ताई. सही करा.”

“लिहा की. मी बसते.”

रजिस्टर तिच्याच मांडीवर होतं. मागे कोणीतरी हसलं, मग शांत झालं. ग्रामसेवक उठून आले, तिथेच उभं राहून पेन उघडलं आणि ओळीच्या शेवटी महिना लिहिला. तिने तो वाचला, शेजारणीला वाचून दाखवला, आणि मग सही केली.